दोनशे सत्तर हजेऱ्या

माझ्या कच्च्या वहीत आज ४१ कल्पना आहेत. शेवटची परवा रात्री लिहिली: कोकमाची पूड, लहान पुडीत, प्रवासात पाण्यात ढवळली की सरबत. पुण्याच्या एका जुन्या ग्राहक ताईंनी फोनवर सहज विचारलं आणि त्यांचं बोलणं संपायच्या आत पुडीचा रंग, तिच्यावरचं चित्र, दुकानातली मांडणी सगळं माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. फोन ठेवून मी वही काढली, तारीख घातली, चार ओळी लिहिल्या आणि वही परत फडताळात ठेवली.

बारा वर्षांपूर्वी मी दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरून छापखान्यात गेले असते.

आमचं काम कोकमाचं. कुडाळ तालुक्यातल्या आमच्या घरामागच्या परड्यात रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची, जुनी झाडं आहेत, शिवाय गावातून फळ विकत घेतो. सासूबाई दरवर्षी सोलं, म्हणजे आमसुलं, करायच्या. घरापुरती ठेवून बाकीची मुंबईच्या नातेवाइकांकडे जायची. त्याचा मी पुढे धंदा केला. आमसूल, आगळ म्हणजे कोकमाचा खारा रस, आणि अमृत कोकम म्हणजे सरबताचा गोड पाक, असे तीनच माल. बाहेरच्याला वाटतं, साल वाळवायची, त्यात काय एवढं. पण नुसती साल वाळवून आमसूल होत नाही. फळ फोडून गर आणि बिया वेगळ्या करायच्या, मीठ लावून रस काढायचा, साली त्या रसात भिजवायच्या, उन्हात पसरायच्या, गोळा करायच्या, पुन्हा रसात घालायच्या. असं चार-पाच वेळा. प्रत्येक बुडवणीला साल थोडी काळी, थोडी जाड, थोडी लवचीक होत जाते. दोन बुडवण्या चुकवल्या तरी माल दिसायला आमसूलच दिसतो. फरक आमटीत कळतो.

हे सगळं एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत आटपायचं. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस येतो, मे महिन्यात वळीव कधीही गाठतो, आणि झाडावरच्या पिकल्या रातांब्याला पाऊस लागला की ते फळ हातचं गेलं. माझ्याकडे कामाला सहा बायका. सहा जणी, ४५ दिवस, म्हणजे २७० हजेऱ्या. वर्षभर जे काही विकायचं, ते या २७० हजेऱ्यांत तयार व्हायचं असतं. आज हा आकडा मला तोंडपाठ आहे. तेव्हा तो मी कधी मांडलाच नव्हता.

त्या वर्षी मी एकाच हंगामात पाच नवी कामं सुरू केली. आंबापोळी, फणसपोळी, करवंदाचं लोणचं, जांभळाचं सरबत, आणि घराच्या मागल्या बाजूच्या दोन खोल्या पर्यटकांसाठी. यातली एकही कल्पना वाईट नव्हती, हे मी आजही म्हणेन. मुंबईच्या प्रदर्शनात कोकम घ्यायला येणारी दर तिसरी बाई विचारायची, आंबापोळी नाही का? मग फणसपोळी तरी? आमच्या परड्यातले फणस तर पडून कुजायचे. करवंदं डोंगरावर फुकट. खोल्या रिकाम्या होत्या. प्रत्येक कल्पनेला स्वतःचं खरं कारण होतं, आणि एकेकटी पाहिली तर ती पटण्यासारखीच होती.

पण कोकणात निसर्ग सगळं एकदम देतो. हापूस, फणस, काजू, करवंद, जांभूळ, रातांबा, मार्चपासून जूनपर्यंत एकावर एक. पाहुणेही शाळेला सुट्टी लागल्यावरच येणार. सगळ्यांना तेच ऊन हवं, तेच खळं हवं, त्याच सहा जणी हव्यात. मी पाच वेगवेगळी कामं घेतली अशी माझी समजूत होती. खरं तर मी एकच मे महिना पाच जणांना विकला होता.

मेच्या तिसऱ्या आठवड्यातली एक दुपार मला जशीच्या तशी आठवते. खोल्यांत एक कुटुंब उतरलं होतं, त्यांच्यासाठी मी सोलकढी आणि माशांच्या कालवणाच्या मागे. दोघी ताटांत आंब्याचा रस पसरत होत्या, एक फणसाचे गरे काढत होती, एक करवंदं निवडत होती. चारच्या सुमाराला आमच्यातली सगळ्यात जुनी मावशी दारात आली आणि म्हणाली, "वैनी, सोलां आज कोणी परतूक नाय." मी म्हटलं, उद्या बघू. रात्री वळीव आला. ताडपत्री ओढेपर्यंत अर्धं खळं भिजलं होतं. पुढचे दोन दिवस ऊन नाही. तिसऱ्या दिवशी सालींवर पांढरी बुरशी दिसली. जवळजवळ २०० किलो साल माडांच्या आळ्यांत टाकली. जी वाचली तिला रसाच्या दोनच बुडवण्या मिळाल्या होत्या, आणि मी ती तशीच पॅक केली. कारण जुन्या गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी घेऊन बसले होते.

पुण्याच्या एका केटररकडे दरवर्षी आमचा माल जायचा. जुलैत खोकं परत आलं. आत चिठ्ठी होती, एका ओळीची. "ही तुमची नाहीत."

तिथे रागाचा एक शब्द नव्हता. म्हणूनच ती ओळ माझ्या मनातून अजून गेलेली नाही. त्या माणसाने आमचं आमसूल चवीने ओळखलं होतं, आणि ते नव्हतं हेही ओळखलं होतं. संध्याकाळी मी खोकं उघडं ठेवून पडवीत बसले होते. सासूबाईंनी त्यातलं एक सोल उचललं, जिभेवर ठेवलं, बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग एवढंच म्हणाल्या, "गो, आधी सोलां बघ. बाकीचां मगे."

त्या पावसाळ्यात मी हजेरीचं पुस्तक घेऊन बसले. कोण कुठल्या दिवशी कुठल्या कामावर होती याच्या माझ्याकडे खुणा होत्या. बेरीज केली. आंबापोळीने ४५ हजेऱ्या खाल्ल्या होत्या, फणसपोळीने २५, करवंद आणि जांभूळ यांनी १५-१५, खोल्यांनी २०. एकूण १२०. आणि कोकम नीट करायचं तर आमसुलाला १२०, आगळाला ४०, अमृत कोकमाला ५०, असे २१० लागतात. म्हणजे २७० मध्ये ३३० बसवायला मी निघाले होते. मधल्या ६० हजेऱ्या कुठून आल्या? ज्याच्याबद्दल कोणी तक्रार करणार नव्हतं त्या कामातून. नवीन माल ओरडून मागतो. पाहुण्यांना जेवण वेळेवर हवं असतं. आमसूल गप्प असतं, ते खळ्यात पडून राहतं, म्हणून त्याच्याच ताटातलं काढलं जातं. माझ्या मते नव्या कामाचा खरा धोका इथे आहे. ते बुडालं तर आपल्याला दिसतं. ते चालू असताना जुन्या, चालत्या कामातून काय उचलून नेतं, ते दिसत नाही.

पैशांचंही तेच. एक नवा माल म्हणजे एक नवी बाटली, नवं झाकण, नवं लेबल. लेबलावर घटक, पोषणमूल्यं, बॅच नंबर, मुदत, किंमत, अन्न परवान्याचा नंबर. छापखाना शंभर लेबलं छापून देत नाही, हजारात छापतो. जांभळाच्या सरबताच्या १४० बाटल्या विकल्या गेल्या, आणि साडेआठशेच्या वर लेबलं माळ्यावर राहिली.

माझी एक मावशी गिरगावात राहायची, आणि तिच्याकडून मी लहानपणी लिज्जतची गोष्ट ऐकली होती. गोष्टीचा पहिला भाग सगळ्यांना ठाऊक आहे. १५ मार्च १९५९, गिरगावातल्या सात बायका, ८० रुपये उसने, गच्चीवर लाटलेले पापड, पहिल्या दिवशी ४ पाकिटं. मला त्या पावसाळ्यात आठवला तो पुढचा भाग. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करायच्या, एक चांगला आणि एक स्वस्तातला. त्यांना मदत करणाऱ्या समाजसेवक छगनबाप्पा पारेखांनी त्यांना सांगितलं, एकच पापड करा, आणि त्याची प्रत कधी उतरू देऊ नका. दुसऱ्या कुठल्याही माणसाने सांगितलं असतं की दोन प्रती आहेत तर तिसरीही काढा, गिऱ्हाईक वाढेल.

आणि पहिल्या पावसाळ्यात त्यांचं काम चार महिने बंद पडलं, कारण पापड वाळेनात. आमचंच दुखणं! अशा वेळी मला काय सुचलं असतं ते मी नेमकं सांगू शकते. मला वाटलं असतं, पावसाळ्यासाठी दुसरं काहीतरी सुरू करू, लोणची, चटण्या, जे वाळवावं लागत नाही ते. त्यांनी दुसऱ्या वर्षी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह, आणि पापडच चालू ठेवला. मला वाटतं या खाटेत आणि स्टोव्हमध्ये धंद्याची जितकी अक्कल आहे तितकी मी दुसरीकडे क्वचित पाहिली. त्यांच्यापुढेही अडचण होती, त्यांनाही कल्पना सुचली, पण ती पापडाला सोडून जाणारी नव्हती, पापडाखाली सरपणासारखी घातलेली होती.

खाकरा आला तो १९७४ मध्ये, म्हणजे १५ वर्षांनी. मग पिठाची गिरणी, मसाले, छपाई, पॅकिंग. त्यांनी चामड्याच्या वस्तू, आगपेट्या, उदबत्त्याही करून पाहिल्या, आणि ती कामं चालली नाहीत. इतक्या शिस्तीच्या बायकांनाही सगळं साधलं नाही, हे वाचून मला धीर आला. पण मी त्या यादीकडे बराच वेळ पाहत राहिले. पीठ, छपाई, पॅकिंग ही कामं पापडाच्याच वाटेवर उभी आहेत. आगपेटीला पापडाशी काही देणंघेणं नाही.

पुढच्या वर्षीपासून मी कच्ची वही सुरू केली. माहेरी आमचं किराणा दुकान होतं, तिथे बाबांच्या दोन वह्या असत. दिवसभरातलं सगळं कच्च्या वहीत, खोडाखोड करत, कसंही. रात्री बाबा त्यातलं तपासून, जुळवून, पक्क्या वहीत उतरवायचे. कच्च्यातलं सगळंच पक्क्यात जात नसे. "कच्च्यात आहे ना, मग हरवत नाही," असं ते म्हणायचे. मला कल्पनांसाठी नेमकं हेच हवं होतं. कल्पना लगेच करायला घ्यायची ओढ बरीचशी ती हरवेल या भीतीची असते. एकदा तारखेनिशी लिहिली की ती भीती जाते आणि रात्री झोप लागते.

नियम एकच ठेवला. कल्पनेने वहीत एक मे महिना आणि एक पाडवा काढायचा. मे महिन्यात, ऐन कामात, मी वही उघडून बघते आणि विचारते, हे आज इथे असतं तर कुणाला कुठून उठवलं असतं? मान वर करून खळ्याकडे बघितलं की उत्तर मिळतं. दिवाळीच्या पाडव्याला वह्यांची पूजा होते, त्यात ही वहीही असते. पूजा झाली की चहा घेऊन मी ती पहिल्या पानापासून वाचते. बऱ्याच कल्पना तोवर आपणहून विझलेल्या असतात. काहींचं तर मला नवल वाटतं, हे मला का सुचलं होतं? एखादी मात्र वर्षभर थांबूनही तशीच ताजी असते.

तारखांनी मला आणखी एक गोष्ट दाखवली, जी मी स्वतःहून कधी पाहिली नसती. ४१ पैकी २६ कल्पना नोव्हेंबर ते जानेवारी या तीन महिन्यांत लिहिलेल्या आहेत. ते आमचे वसुलीचे दिवस. दुकानदारांना फोन करायचे, उरलेल्या मालाची मुदत बघायची, हिशेब जुळवायचे, परवान्याची कागदपत्रं. काम सगळ्यात कंटाळवाणं असतं तेव्हा नवं काहीतरी सुचतं, आणि ते सुचणं फार सुखाचं असतं. कुणाकडे पैसे थकलेले नाहीत, एकही बाटली परत आलेली नाही, असा तो धंदा असतो. आता डिसेंबरात काही झकास सुचलं की मी ते लिहिते, आणि आधी थकबाकीच्या यादीतला पुढचा फोन लावते.

कल्पना फक्त आपल्या डोक्यातून येत नाहीत, दारातूनही येतात. पुतण्या मुंबईहून व्हिडिओ पाठवतो, "काकी, कोकम सोडा कॅनमध्ये, तुम्ही का करत नाही?" सरकारी योजना येतात. २०२० मध्ये सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची केंद्राची योजना आली, यंत्रसामग्रीवर ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख. योजना चांगली आहे, आमच्याच भागात काहींची कामं तिच्यामुळे उभी राहिली. पण मी अशीही शेडं पाहिली जिथे अनुदान मिळतंय म्हणून आधी पल्पचं यंत्र आलं आणि मग त्यात काय घालायचं याचा शोध सुरू झाला. उरलेले ६५ टक्के आपल्या खिशातले किंवा कर्जाचे असतात, आणि यंत्र चालवणाऱ्या हाताला अनुदान नसतं.

बंद करणं सुरू करण्यापेक्षा कितीतरी अवघड गेलं. फणसपोळी, लोणचं, सरबत यांचं फार वाईट वाटलं नाही. खोल्या दिरांकडे दिल्या, ते ते काम आनंदाने करतात आणि माझ्यापेक्षा चांगलं करतात. आंबापोळी मात्र जिवाला लागली. ती खपत होती, लोक नावाजत होते. चालती गोष्ट का सोडायची, असं घरात सगळे म्हणाले. शेवटी वाडीतल्या एका बाईला, जिचा हात माझ्याहून बरा होता, ताटं, उरलेली पाकिटं आणि गिऱ्हाइकांची यादी असं सगळं दिलं. पहिल्या वर्षी तिच्या अंगणात पिवळीधमक ताटं वाळताना बघून माझा पाय तिथून निघेना. आज तिच्याकडे तिची मुलगी आणि सून त्याच कामात आहेत. प्रदर्शनात कोणी आंबापोळी मागितली की मी तिचा नंबर देते.

काही वेळा थांबल्याचा पश्चात्तापही होतो, तो लपवण्यात अर्थ नाही. कच्च्या फणसाचे वेफर्स माझ्या वहीत दोन वर्षं होते. शेजारच्या तालुक्यात एकाने ते सुरू केले आणि त्याचं उत्तम चाललंय. त्याचं पाकीट पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा छातीत काहीतरी खुपलं. मी ते पाकीट विकत घेतलं, घरी सगळ्यांनी खाल्लं, चव छान होती. वहीत त्या ओळीपुढे मी "झालं" असं लिहिलं. मी केलेलं नसलं तरी झालंय, हे खरंच आहे.

इतक्या वर्षांत वहीतून पक्क्या कामात गेलेली गोष्ट एकच, कोकमाचं तेल. रातांब्याच्या बिया आमच्याकडे ढिगाने उरतात. सासूबाई पूर्वी त्यांचं मुठेल काढायच्या. बिया वाळवून, फोडून, आतला गर कुटून पाण्यात उकळायचा, वर येणारा स्निग्धांश काढून घ्यायचा, थिजताना मुठीत वळून गोळे करायचे. हिवाळ्यात टाचांच्या भेगांना त्याच्यासारखं दुसरं औषध नाही. ही कल्पना तीन पाडवे वहीत राहिली, आणि दर मे महिन्यात मी तिला तोच प्रश्न विचारला. तिचं उत्तर वेगळं यायचं. मे महिन्यात तिला बिया धुऊन उन्हात टाकण्यापलीकडे काही नको होतं, जेमतेम १० हजेऱ्या. बाकीचं काम ऑगस्टनंतर, जेव्हा बायकांच्या हाताला काम नसतं आणि त्यांनाच ते हवं असतं. माल घरचा, गिऱ्हाईक तेच, पॅकिंगही तेच लागतं. पहिल्या वर्षी २० किलो बियांचंच केलं आणि ओळखीच्या बायकांना दिलं. पैसे दुसऱ्या वर्षीपासून घेतले.

रातांब्याची रोपं बियांपासून लावली तर त्यात नर कुठलं आणि मादी कुठलं हे फुलोरा येईपर्यंत कळत नाही, आणि त्याला सहा-सात वर्षं जातात. माझ्या सासऱ्यांनी लावलेल्या रोपांपैकी निम्मी नर निघाली, त्यांना फळ धरणार नव्हतं. आता लोक कलमं लावतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या कोकण अमृता जातीचं बरंचसं फळ पावसाआधी हाताशी येतं. आम्हीही १५ कलमं लावलीत. सासऱ्यांना वाट पाहण्याशिवाय इलाज नव्हता. मला २० किलोत कळतं, म्हणून माझ्यावर जबाबदारी जास्त आहे असं मला वाटतं.

पुडीवाल्या ताईंचा आज पुन्हा फोन आला. "झाली का हो पूड?" मी म्हटलं, "ताई, वहीत लिहून ठेवलीय. पण या वर्षी नाही. आमसूल मात्र मेअखेरीला पाठवते." त्या म्हणाल्या, "तेच पाठवा आधी, गेल्या वर्षीचं संपत आलंय."

परड्यातल्या वरच्या झाडाला लाली धरू लागली आहे. आणखी पंधरा-वीस दिवस. सकाळी पडवीत बसून मी हजेरीचं नवं पुस्तक काढलं, डावीकडे सहा नावं लिहिली, आणि पट्टी धरून ४५ रकाने आखले. कोकमाचे २१० आणि बियांचे १० मांडले. लग्नं, आजारपणं यांना २० सोडले. वर कोपऱ्यात ३० उरले, ते लिहून त्याच्याभोवती गोल केला, आणि आत काही लिहिलं नाही.